मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांतील वडील माणसें

दहावी-बारावीचे निकाल लागले कीं घरोघरीं दोन गोष्टी होतात. पेढे वांटले जातात, आणि पुढील शिक्षणाच्या खर्चाचा आंकडा वडील मंडळी मनांतल्या मनांत मांडूं लागतात. तिसरी एक गोष्ट व्हावयास हवी, ती मात्र पुष्कळ घरीं होत नाहीं. ती म्हणजे या मुलास किंवा मुलीस कोणती शिष्यवृत्ति मिळण्याजोगी आहे याची वेळेवर चौकशी. या विषयावर वाचकांचीं जीं पत्रें आमच्याकडे येतात, त्यांवरून असें दिसतें कीं सुशिक्षित घरांत या बाबतींत माहितीची उणीव आहे तिच्याहून संकोच अधिक आहे. "आपल्या घरांत असें कोणाकडून घेत नाहींत," हें वाक्य आम्हीं इतक्या पत्रांतून वाचलें आहे कीं प्रथम त्याचाच विचार करणें प्राप्त आहे.

शिष्यवृत्ति या शब्दांतच त्याचें उत्तर आहे. वृत्ति म्हणजे उपजीविकेचें साधन. विद्यार्जन करणाऱ्यास चरितार्थाची चिंता पडूं नये म्हणून समाजानें केलेली ती तरतूद होय. तींत उपकाराचा वास नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर भिक्षेचीही लाज आपल्या पूर्वजांस नव्हती. मुंजींत बटूच्या हातीं आपण आजही झोळी देतों ती कशासाठीं ? ज्या घरांतून आज संकोचाचीं पत्रें येतात, त्यांपैकीं कित्येक घरांतील आजे-पणजे पुण्यास वार लावून जेवले, माधुकरी मागून शिकले, आणि पुढें वकील, मामलेदार, प्राध्यापक झाले. १९०९ मध्यें पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह निघालें, तें अशाच मुलांसाठीं. आजोबांच्या माधुकरीची गोष्ट नातवंडांस अभिमानानें सांगावयाची, आणि नातीच्या अर्जावर सही करतांना मात्र हात अडखळावयाचा, हें कोडें आम्हांस तरी उलगडलेलें नाहीं.

थोडा इतिहासही पाहावा. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यांत विद्वानांस दक्षिणा वांटली जात असे. १८१८ मध्यें राज्य गेलें तरी एल्फिन्स्टनसाहेबांनीं तो खर्च एकदम बंद केला नाहीं. त्यांतील कांहीं रकमेवर १८२१ मध्यें पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर त्याच निधींतून कॉलेजांतील बुद्धिमान तरुणांस दक्षिणा फेलो म्हणून वेतन मिळूं लागलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही असे दक्षिणा फेलो होते. त्यांनीं ती रक्कम घेतली म्हणून कोणीं त्यांस कमी लेखल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

दुसरें उदाहरण आमच्या जिव्हाळ्याचें आहे, तेव्हां वाचकांनीं थोडा धीर धरावा. नाना शंकरशेट १८६५ मध्यें वारले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत संस्कृत विषयासाठीं शिष्यवृत्ति ठेवण्यांत आली. ती मिळविणारा विद्यार्थी 'शंकरशेट स्कॉलर' म्हणून आयुष्यभर ओळखला जाई. १९१२ सालीं ती चिंतामणराव देशमुख यांनीं मिळविली, आणि त्या परीक्षेंतही तेच सर्वांत पहिले आले. पुढें ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांचे वडील वकील होते. घरीं अन्न होतें, तरीही शिष्यवृत्ति हा मान होता. शिष्यवृत्ति केवळ निर्धनांसाठींच असते असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आणखी एक उदाहरण सांगतों, कारण त्यांत आम्हां शिक्षकांचा धडा आहे. भीमराव आंबेडकर १९०७ मध्यें मॅट्रिक झाले. कॉलेजचें शिक्षण मध्यें अडणार असें दिसूं लागलें, तेव्हां कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनीं त्यांची गांठ सयाजीराव गायकवाड महाराजांशीं घालून दिली. महाराजांनीं दरमहा २५ रुपयांचें वेतन बांधून दिलें. १९१२ मध्यें ते बी. ए. झाले, आणि १९१३ मध्यें बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले. केळुसकरांजवळ पैसा नव्हता. बुद्धि एकीकडे आणि निधि दुसरीकडे, यांची भेट घालून देणारा मनुष्य होण्याचें काम त्यांनीं केलें. आज तें काम बहुतांशीं संगणकावरील अर्जानें होतें. परंतु तो अर्ज भरावयास लावणारा कोणी तरी घरांत असावाच लागतो.

आतां प्रत्यक्ष योजनांकडे वळूं. सर्वच सांगूं लागलों तर अंक पुरणार नाहीं; ज्या आमच्या वाचकांच्या घरांतील मुलांस विशेष उपयोगी पडतील त्याच घेतों.

पहिली आठवींतील मुलांसाठीं. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ति ही केंद्र सरकारची योजना २००८ मध्यें सुरू झाली. देशांत दरवर्षीं एक लक्ष नवीन शिष्यवृत्त्या दिल्या जातात. नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये मिळतात. माता-पित्यांचें एकूण वार्षिक उत्पन्न साडेतीन लक्षांच्या आंत असावें, सातवींत ५५ टक्के गुण असावे, आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेंत शिकत असावें; विनाअनुदानित खासगी शाळेंतील मुलांस ही मिळत नाहीं. आमच्या राज्यांत हिची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय अशा दोन प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकींत ९० प्रश्न व ९० मिनिटें. चार वर्षांचे मिळून ४८,००० रुपये होतात. कॉलेजचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच एवढी पुंजी मुलाच्या स्वतःच्या नांवावर जमावी, यांत लाजण्यासारखें काय आहे ?

येथें एकत्र कुटुंबांतील वाचकांचा एक नेहमींचा गैरसमज दूर करतों. एका चुलीवर जेवतों म्हणून काकांचा पगार आणि आजोबांचें निवृत्तिवेतन मुलाच्या वडिलांच्या उत्पन्नांत मिळवून "आपण मर्यादेबाहेर आहों" असें कित्येक घरीं ठरविलें जातें. या योजनेंत उत्पन्न पाहिलें जातें तें माता-पित्यांचें. सर्व मार्गांनीं होणारें तें धरावें, कांहींही लपवूं नये. पण जें त्यांचें नाहीं तें त्यांच्या नांवावर चढवूंही नये.

बारावीनंतर कॉलेजांत जाणाऱ्यांसाठीं केंद्र सरकारची दुसरी योजना आहे. बारावीस आपल्या मंडळाच्या परीक्षेंत आपल्या शाखेंतील वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या व कुटुंबाचें उत्पन्न साडेचार लक्षांपर्यंत असणाऱ्या विद्यार्थ्यांस ती मिळूं शकते. वर्षास ८२,००० नवीन शिष्यवृत्त्या, त्यांतील निम्म्या मुलींसाठीं. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,००० आणि पुढील पदव्युत्तर शिक्षणांत २०,००० रुपये. हजेरी ७५ टक्के आणि गुण निदान ५० टक्के नसतील तर पुढील वर्षीं ती खंडित होते. दरवर्षीं नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि पहिल्या वर्षीं मिळाली म्हणून निश्चिंत बसणाऱ्यांची येथेंच फसगत होते.

आतां एका भगिनीच्या पत्राविषयीं. त्या एका जिल्ह्याच्या गांवीं एकत्र कुटुंबांत नांदतात. यजमान एका दुकानांत हिशेबनीस आहेत. घराचा कारभार थोरल्या दिरांकडे आहे. मुलीनें बारावीनंतर प्रवेशपरीक्षा चांगली दिली असून तिला अभियांत्रिकीकडे जावयाचें आहे. थोरले दीर म्हणतात, "फेऱ्यांची वाट पाहात कोण बसतो ? संस्थेच्या वांट्यांतील जागा घेऊन टाकूं, फी मी भरतों. तहसील कचेरीच्या पायऱ्या आपल्या घरच्या माणसांनीं झिजवावयाच्या नाहींत." भगिनी लिहितात कीं भाऊजींच्या मायेबद्दल शंका नाहीं, परंतु घरांत मागून येणारीं आणखी तीन मुलें आहेत, आणि बोलण्याचें धाडस होत नाहीं. हा अंक भाऊजी वाचतात, म्हणून आम्हीं लिहावें.

तेव्हां भाऊजींसच विनवितों. आपला उदारपणा आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु या एका निर्णयानें आपल्या पुतणीचा किती तोटा होतो तें पाहावें. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणें २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचें उत्पन्न आठ लक्षांच्या आंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वीं तें निम्में होतें. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेंतून झालेला असला पाहिजे. संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या वांट्यांतून जागा घेतली कीं हा हक्क गेला, आणि तो एका वर्षापुरता नव्हे, चारही वर्षांचा गेला. आरक्षणांत न येणाऱ्या घरच्या मुलीनें आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढावा लागतो, आणि त्यासाठीं कुटुंब म्हणजे ती स्वतः, तिचे आई-वडील व अठरा वर्षांखालील भावंडें. चुलते त्यांत येत नाहींत. हिशेबनीसाच्या वेतनावर हा दाखला मिळण्यास अडचण पडूं नये. आपण जी फी भरणार होतां ती मागच्या तीन मुलांसाठीं राखून ठेवावी. आपलें औदार्य तेथेंही तितकेंच शोभेल. पायऱ्या झिजविण्याचा प्रश्न असेल तर मुलीस बरोबर घेऊन एक वेळ आपणच जावें. पुढें जगांत पुष्कळ कचेऱ्यांच्या पायऱ्या तिला चढावयाच्या आहेत. फेऱ्यांचें वेळापत्रक कोणासाठीं थांबत नाहीं, म्हणून हें मनावर घ्यावयाचें तर आजच घ्यावें.

याची दुसरी बाजूही स्पष्ट लिहिणें आमचें कर्तव्य आहे. कांहीं घरें अशीं आहेत कीं दारांत दोन मोटारी उभ्या आहेत, आणि मुलासाठीं कमी उत्पन्नाचा दाखला मात्र कोठून तरी पैदा केला जातो. जागा मोजक्या असतात. आपण अशी एक घेतली म्हणजे एखाद्या शेतमजुराच्या मुलाची घेतली. मर्यादेच्या आंत असून लाजणें आणि बाहेर असून हात पसरणें, या दोहोंत आम्ही दुसऱ्यास अधिक वाईट समजतों.

मोबाईलवर शिष्यवृत्त्यांच्या ज्या लांबलचक याद्या फिरतात, त्यांवर विसंबूं नये. त्यांत मृत योजनांचीं नांवें राजरोस असतात. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्यें सुरू झाली आणि आमच्या पिढीच्या शिक्षकांनीं तिच्यासाठीं कित्येक मुलें तयार केलीं. ती २०२१ नंतर स्थगित झालेली आहे. मूलविज्ञान शिकणाऱ्यांसाठीं असलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्यें बंद झाली. तरी त्यांच्या तयारीचीं पुस्तकें अजून विकत घेणारे पालक आहेत ! ज्या शिष्यवृत्तीसाठीं अर्ज करावयाचा तिचें चालू वर्षाचें सरकारी सूचनापत्र स्वतः वाचावें. केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ति पोर्टलवर आणि राज्याच्या बहुतेक महाडीबीटीवर असतात. अर्ज फुकट भरतां येतो. पैसे घेऊन 'खात्रीनें' मिळवून देणारा भेटल्यास त्यास चहाही पाजूं नये.

आणि अर्ज भरला म्हणजे काम संपलें असें नाहीं. राष्ट्रीय पोर्टलवरील अर्जाची पडताळणी आधीं शाळेनें किंवा कॉलेजनें करावयाची असते आणि मग वरच्या अधिकाऱ्यानें. पुष्कळ अर्ज पहिल्याच पायरीवर पडून राहतात, कारण कारकुनास दुसरीं कामें असतात आणि पालक विचारावयास जात नाहींत. मुदत संपण्याच्या आठ-दहा दिवस आधीं शाळेंत जाऊन, पडताळणी झाली कीं नाहीं, हें नम्रपणें विचारावें. उत्पन्नाचा दाखला निकालानंतरच्या गर्दींत काढूं नये. एप्रिल लागला कीं त्या कामास लागावें आणि हातीं पडण्यास पंधरा दिवस तरी धरावे.

शेवटची गोष्ट नांवांची. आपल्या घरांतून मुलाचें पाळण्यांतील नांव एक, शाळेंतील दुसरें आणि आधारपत्रावरील तिसरें असा प्रकार फार. मुलीच्या वडिलांचें नांव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतें आद्याक्षर. आडनांवाचें स्पेलिंग काकांच्या घरीं एक आणि आपल्या घरीं दुसरें. शिष्यवृत्तीची रक्कम थेट आधारशीं जोडलेल्या बँकखात्यांत येते, आणि नांवांत एका अक्षराचा फरक असला तरी ती अडकून बसते. तेव्हां येत्या रविवारीं घरांतील आठवीपासून बारावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाचें शाळेचें प्रगतिपुस्तक, आधारपत्र आणि बँकेचें पुस्तक एका ओळींत मांडून नांवें ताडून पाहावींत. दुरुस्ती करावयाची निघाली तर प्रथम शाळेच्या दप्तरांतील नांव प्रमाण धरून बाकीचे कागद त्याप्रमाणें करून घ्यावे. कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर तेंच नांव छापून येतें.