ध्येयवादाची दंतकथा

मराठी वृत्तपत्रांच्या ऱ्हासाची मीमांसा करताना ‘पूर्वी ध्येय होते, आता धंदा झाला’ हे सूत्र इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते तपासण्याची निकड अभ्यासकांनाही भासत नाही. वस्तुतः ज्या युगाचा ध्येयवादी म्हणून गौरव होतो, त्याच युगात ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८७ मध्ये संपादकपद सोडले. सामाजिक सुधारणेविषयीची त्यांची मते सहकाऱ्यांना मानवणारी नव्हती. पत्र कुणाचे आणि मत कुणाचे, हा प्रश्न जाहिरातदारांच्या वर्चस्वापूर्वीच उभा होता.

त्या काळाचे वेगळेपण पुढील घटनेत आहे. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. मतभेद झालेल्या संपादकाला दुसरे पत्र काढता येणे, हा तत्कालीन विचारस्वातंत्र्याचा भौतिक आधार होता. पुढे महागड्या मुद्रणयंत्रांनी आणि जिल्हावार आवृत्त्यांच्या भांडवलाने ती वाट अरुंद केली. महाजालामुळे छपाईचा खर्च उरला नाही, तेव्हा वाट पुन्हा मोकळी झाल्याचा डांगोरा पिटण्यात आला. प्रत्यक्षात लेखन प्रसिद्ध करणे तेवढे स्वस्त झाले. वाचकापर्यंत पोचणे शोधयंत्रे व समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांच्या क्रमवारीवर अवलंबून राहिले.

संपादकांच्या चारित्र्याची तुलना करीत बसणारी समीक्षा या मालकीविषयी मौन पाळते. आजच्या आगरकराला पत्र काढता येईल. ते कुणी वाचावे हे ठरविणाऱ्याशी त्याला वादही घालता येणार नाही.