नवी पेटी बेसूर निघाली तर

नवी वस्तू खराब निघाली की आपल्याकडे पहिला सल्ला येतो तो ती कुठेतरी खपवण्याचा. रसायनीतल्या आमच्या शाळेत सध्या तेच चाललं आहे. पालकांनी वर्गणी काढून मुंबईहून 12 हजारांची हार्मोनियम आणली. महिन्याच्या आत मधल्या सप्तकातला गंधार उतरला आणि भाता हवा सोडू लागला. कुणी म्हणतं, अर्ध्या किमतीत विका. कुणी म्हणतं, वाडीवरच्या अंगणवाडीला द्या, सवाब मिळेल. दुकानदाराचं तर सोपंच: "मॅडम, पोरंच तर शिकणार, चालवून घ्या."

हे 'चालवून घ्या' मला मान्य नाही, पेटीच्या बाबतीत तर मुळीच नाही. सारंगीवर सूर जरा खाली लागला तर वाजवणारा बोट सरकवून सांभाळतो. पेटीचा सूर पितळेच्या पत्तीत बांधलेला. वाजवणाऱ्याच्या हाती काही नाही. (मींड निघत नाही, या आणि इतर कारणांनी 1940 साली रेडिओने पेटीला दारच बंद केलं होतं.) मोठ्या माणसाला उतरलेला सूर कळतो. आठ वर्षांचं मूल त्यालाच गंधार समजतं.

दोष हवेचा की बनावटीचा, हे मात्र आधी पाहावं. पाताळगंगेच्या काठी पावसाळ्यात लाकूड फुगतं, एखादी पट्टी अडकते, उन्हं पडली की सुटते. त्यासाठी दुकानदाराला धरणं रास्त नाही. पण सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरला आणि हात काढताच तो बसला, तर हवा गळतेय. सुरासाठी मोबाईलवरचा ट्यूनर पुरे. आम्ही दोन्ही तपासलं, व्हिडिओही काढून ठेवला.

शरीअतमध्ये यासाठी शब्दच आहे, खियार-ए-ऐब: मालात ऐब निघाला तर सौदा परत फिरवण्याचा ग्राहकाचा हक्क. ऐब कळूनही वस्तू वापरत राहिलात, तर ती कबूल केली असं धरलं जातं. आणि ऐब लपवून पुढे विकणं नाजायज. अंगणवाडीला 'दान' देणं मला त्याच रांगेतलं वाटतं.

देशाचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, हे तिन्ही मागता येतं. दुकान मुंबईत असलं तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात, म्हणजे अलिबागला करता येते. मुदत दोन वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी 1915 वर फोन करून पाहावा.

तर पेटी वाजवणं बंद केलं आहे. बिल ज्या पालकांच्या नावावर आहे, त्यांच्या सहीने पत्र गेलं: पंधरा दिवसांत बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. एका पत्तीचाच प्रश्न असता तर मी दुरुस्तीला हो म्हटलं असतं. पण भाता नव्यातच गळतो, त्या पेटीला ठिगळ कशाला? स्नेहसंमेलनाची गाणी तोवर टाळ्यांवर बसवतो आहोत.