खातं आमचं, कुलूप तुमचं. मग सांगायचं कुणी?

पुणेकर खातेदारहो,

गेल्या एक तारखेला पेठेतल्या आमच्या शाखेत पेन्शनच्या रांगेत होतो. पुढच्या आजोबांनी स्लिप सरकवली. खिडकीतून उत्तर आलं, "केवायसी नाही, खातं बंद आहे."

"कुणी बंद केलं?"

"सिस्टीमने."

"मला कळवलं नाहीत?"

"मेसेज गेला असेल."

असेल! खात्यात स्वतःचे पैसे असताना आजोबांनी औषधांसाठी माझ्याकडून पाचशे रुपये घेतले. घेताना मान वर केली नाही.

बंद पडलेलं पासबुकाचं यंत्र, कोरडं एटीएम, कुणी न उचललेला फोन, हे सगळं तुम्हीही भोगता. ते आज सोडून देऊ. हे पत्रक एकाच खोडीबद्दल आहे: न कळवता खातं गोठवणं.

कळवणं ही मेहरबानी नव्हे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये लिहून दिलंय की केवायसीच्या मुदतीआधी किमान तीनदा कळवायचं, त्यात एकदा तरी पत्राने. मुदत टळली तर पुन्हा तीनदा, त्यातही एक पत्र. एकूण सहा निरोप. आजोबांच्या हाती एकही नव्हता. कमी जोखमीच्या खातेदाराला तर मुदत टळल्यावरही वर्षभर व्यवहार करू द्यायचे आहेत. पेन्शनवर जगणारा म्हातारा जोखमीचा, तर मग बिनजोखमीचा कोण? माहिती बदललेली नसेल तर नुसतं स्वयंघोषणापत्र पुरतं, हेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट झालंय. खिडकीवर मात्र अजून तेच: "दोन फोटो, आधार-पॅनची झेरॉक्स, मंगळवारी या."

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

"तुमचा नंबर बदलला असेल." त्याच नंबरवर त्याच आठवड्यात आजोबांना कार लोनचा फोन आला होता. वय ७९!

"ॲप वापरा ना, काका." वापरू. पण गोठलेल्या खात्याचं ॲप उघडून बघायचं काय, तर शिल्लक!

"स्टाफ कमी आहे." हे खरं, आणि खिडकीतल्या मुलीशी आमचं भांडण नाही. पण पत्र टाकायला माणूस नाही, तर कुलूप घालायलाही नसावा. ते बरं वेळेवर पडतं.

पुण्याच्या दुकानदाराची १ ते ४ची झोप जगाने चेष्टेवारी नेली. पण तो तशी पाटी लावतो आणि चारला फळी उघडतो. इथे दार सताड उघडं, पंखे चालू, आणि बंद काय आहे ते खिडकीशी पोचल्यावर कळतं.

या शहराला "पैसे मिळणार नाहीत" हे शब्द साधे वाटत नाहीत. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ मध्ये परवानाच गेला. मधली नऊ वर्षं ठेवीदारांनी वाट बघण्यात काढली. म्हणून खिडकीतून तसं काही ऐकलं की म्हाताऱ्यांच्या पोटात आधी गोळा येतो. कारण केवायसीचं होतं, हे त्यांना मागाहून समजतं.

तेव्हा तोंडी भांडू नका. "मला सहा निरोप कधी, कुठे पाठवलेत?" एवढंच मराठीत लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, फी नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

पोच द्यायला कुणी कुरकुरलं तर खिडकी सोडू नका. मागच्या रांगेला कारण मोठ्याने सांगा. तेवढं तरी कुणीतरी कळवायला हवं.

— रांगेतला एक खातेदार

(वाचून झाल्यावर शेजारच्या आजी-आजोबांना द्यावे.)