शेजाऱ्याची प्रार्थना आणि आपले विहार



ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे त्यांच्यासमोर आज आम्ही एक असा विषय ठेवीत आहोत की, ज्याची चर्चा घराघरांत होते, परंतु विहारात होत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या पट्ट्यात आपली वस्ती मोठी आहे. त्याच चाळींतून आणि त्याच गल्ल्यांतून येशू ख्रिस्ताचा उपासकही आपला शेजारी म्हणून राहतो. तो रविवारी प्रार्थनेला जातो, आपल्या हाती एखादी पुस्तिका देतो, घरात दुखणे आले की विचारपूस करावयास येतो. आणि निघताना, तुमच्यासाठी प्रार्थना करू काय, असे विचारतो. अशा वेळी आपण काय करावे? काही तरुणांचे उत्तर तयार आहे. त्यांच्या मते अशा माणसास गल्लीत पाऊल टाकू देऊ नये व त्याची सभा उधळून लावावी. हे उत्तर आम्हांस साफ अमान्य आहे.

प्रथम हक्काचा प्रश्न घेऊ. भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. नागपूरच्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, ती ह्याच अधिकाराच्या बळावर. त्या दिवशी कोणा कलेक्टरच्या कचेरीत अर्ज द्यावा लागला नाही. जो अनुच्छेद आपले विहार उभे ठेवतो, तोच शेजाऱ्याच्या प्रार्थनेसही आधार देतो. त्याच्या पायाखालची फळी काढू गेलो तर आपण कशावर उभे राहणार?

येथे एक इतिहास सांगणे अगत्याचे आहे, कारण तो आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. दीक्षेच्या वेळी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या राज्याच्या सरकारने १९५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीचा अहवाल १९५६ साली बाहेर आला. धर्मप्रसाराच्या अधिकारास मर्यादा घालाव्यात, सरकारच्या संमतीवाचून धर्मप्रचाराचे वाङ्मय वाटू देऊ नये, अशा शिफारशी त्यात होत्या. आणि त्याच वर्षी, दीक्षाभूमीवर, ज्या नामवंतांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला त्यांत हेच डॉ. नियोगी होते! दुसऱ्याच्या धर्मांतरावर अंकुश सुचविणाऱ्या गृहस्थाने स्वतः मात्र मुक्तपणे धर्मांतर केले. ह्यात त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मिशनऱ्यांकडून गरिबांना आमिष दाखविले जाते असे त्यांस वाटले असेल, आणि काही ठिकाणी तसे घडलेही असेल. परंतु वाङ्मय सरकारी संमतीने वाटावयाचे, असा नियम एकदा झाला म्हणजे तो बायबलापाशी थांबत नाही. ज्या पाक्षिकातील हा लेख आपण वाचीत आहात तेही मग संमतीच्या प्रतीक्षेत पडून राहील.

पुढे काय झाले ते पहा. ओरिसाने १९६७ साली व मध्यप्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर नियंत्रण घालणारे कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली, रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, हे दोन्ही कायदे वैध ठरविले. धर्माचा प्रसार करण्याच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय दिला. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाटले की, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांचा आहे. गुजरातने २००३ साली असाच कायदा केला. तेथील काही कचेऱ्या बौद्ध दीक्षेचे अर्ज परत करीत, कारण बौद्ध हे हिंदूंतच मोडतात अशी त्यांची समजूत. एप्रिल २०२४ मध्ये त्या सरकारने परिपत्रक काढून स्पष्ट केले की, बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म आहे. हे वाचून आपण आनंद मानावा तोच पुढचे वाक्य येते: म्हणून हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे. मिशनऱ्यासाठी विणलेल्या जाळ्यात भिक्खू सापडला तो असा. महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी शासनाने समिती नेमली होती. सभा उधळण्यास निघालेल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय उल्हासनगर हे नगरच मुळी धर्माच्या नावावर घरदार सोडावे लागलेल्या सिंधी निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावणीत वसविले आहे. श्रद्धेपायी माणसास हुसकावून लावणे म्हणजे काय असते, हे तेथील म्हाताऱ्यांना विचारावे.

मग शेजाऱ्याबरोबर आपणही प्रार्थनेस बसावे काय? नाही. काही भगिनी विचारतात की, बावीस प्रतिज्ञांत ख्रिस्ताचे नाव नाही, मग बसले तर काय बिघडले? नाव नाही हे खरे. परंतु देवाने अवतार घेतला ह्यावर आपला विश्वास नाही, अशी प्रतिज्ञा आपण केलेली आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी भगवान बुद्धांना मार्गदाता म्हटले आहे, मोक्षदाता नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच मोक्षदात्यावर उभा आहे. हे दोन मार्ग भिन्न आहेत, आणि ते भिन्न आहेत असे स्वच्छ सांगण्यात शेजाऱ्याचा अपमान होत नाही. “तुमच्या सदिच्छेबद्दल आभारी आहोत, आम्ही बौद्ध आहोत,” एवढे बोलावे आणि त्यास चहा द्यावा. दुखण्यास मात्र डॉक्टरच पाहिजे. प्रार्थनेने क्षय वा मधुमेह बरा होतो असे कोणी सांगू लागला, तर त्यास नम्रपणे परंतु ठामपणे नकार द्यावा; आणि गंडेदोरे करणाऱ्या आपल्याच नातलगासही तोच नकार द्यावा.

ख्रिस्ती समाजाविषयी बाबासाहेबांचे मत कठोर होते. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र लेखन केले. चर्चमध्येही जात शिल्लक राहिली, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध लढण्यास ख्रिस्ती समाज पुढे आला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढे १९३८ साली बोलताना त्यांनी हे त्यांच्या तोंडावर सांगितले. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९५० साली ‘महाबोधि’ मासिकात लिहिलेल्या लेखात भिक्खुसंघाने ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडून, विशेषतः जेझुइटांकडून, काही गोष्टी घ्याव्यात असेही सुचविले; कारण आशिया खंडात तो धर्म शिक्षणाच्या व वैद्यकीय सेवेच्या द्वारे पसरला, हे त्यांनी ओळखले होते. ह्या दोन मतांत विरोध नाही. दोष दाखवावयाचा आणि गुण घ्यावयाचा, ही त्यांची रीत होती. आपण मात्र पहिले मत पाठ केले आणि दुसरे विसरलो.

वाचकहो, मध्यवर्ती रुग्णालयात आपल्या वस्तीतील एखादी वृद्ध माता पडली असता तिच्या खाटेपाशी प्रथम कोण जाते, ह्याचा विचार करा. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराचा हात यंत्रात गेला, तर त्याच्या घरी त्या रात्री भाकरी कोण पोहोचविते? ह्याचे उत्तर जर ‘प्रार्थनेचे लोक’ असे असेल, तर त्यांच्यावर रागावण्याचा आपणांस अधिकार उरत नाही. आपल्या विहारांवर निळे-पंचरंगी ध्वज आहेत, जयंतीची वर्गणी आहे, ध्वनिक्षेपक आहे. परंतु वर्षाचे कितीतरी महिने दाराला कुलूप आहे. धम्म सांगण्यासाठी घराबाहेर पडणे ही ख्रिस्ती लोकांची रीत आहे, असे काहीजण समजतात. भगवान बुद्धांनी सारनाथहून पहिले साठ भिक्खू निरनिराळ्या दिशांना धाडले, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असे बजावले. तेव्हा ख्रिस्ताच्या जन्मास अद्याप काही शतके अवकाश होता.

भाषेचाही विचार व्हावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी चर्चमध्ये परक्या वळणाची गाणी चालत. त्यांनी अभंग रचले, कीर्तन केले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. श्रद्धा ओठांवर यावयाची तर ती माजघरातल्या भाषेत यावी लागते, हे त्या दांपत्याने जाणले होते. आपली वंदना पालीत आहे आणि ती पालीतच राहावी. पण त्रिशरण-पंचशीलाचा अर्थ घरातील मुलाला मराठीत सांगता येत नसेल, तर ते पाठांतर किती दिवस टिकेल? वंदना संपताच अर्ध्या तासात एकाच शीलावर बोलणे, हे कोणतेही विहार पुढच्या रविवारपासून करू शकते. त्याला देणगी लागत नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक विषय. दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातीच्या सवलती मागत आहेत. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने त्या केवळ हिंदूंपुरत्या ठेविल्या. शिखांना त्या १९५६ साली मिळाल्या आणि आपल्याला १९९० साली. महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या १९६० सालीच दिल्या, तरी केंद्राच्या दारात आपण चौतीस वर्षे उभे होतो. धर्म बदलला म्हणजे जातीचा जाच संपला, मग सवलत कशास, असे तेव्हा आपल्याला सांगितले जाई. आज तेच शब्द ख्रिस्ती दलितास ऐकविले जातात. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. त्यानंतर २०२२ साली न्यायमूर्ती बाळकृष्णन आयोग नेमला गेला. आपला वाटा घटेल ही भीती आपल्या लोकांत आहे आणि ती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे वाटा वाढवून मागणे, आणि ती मागणी आपण व त्यांनी मिळून करावयाची आहे. निदान एवढे तरी व्हावे की, त्यांच्या मागणीस विरोध करणारे एकही पत्रक ह्या तीन गावांतील आपल्या कोणत्याही विहाराच्या नावाने निघू नये.