काही केलं नाही, तर भिता कशाला?

परवा हिंगोलीच्या बसस्थानकावर एका सद्गृहस्थांनी माझं प्रबोधन केलं. कॉलेजात साध्या वेशातला पोलीस येऊन बसतो, तो म्हणे पोरांच्याच भल्यासाठी. चळवळीत बाहेरचे घुसतात, पोरं भोळी असतात, आणि ज्यानं काही केलंच नाही त्यानं भ्यायचं कशाला? मुद्दे तीनच, पण परभणीची गाडी लागेपर्यंत पुरवले.

बाहेरचे? आमच्या कॉलेजात बाहेरून येतं ते परीक्षेचं भरारी पथक. पोरं भोळी? मतं मागताना नसतात.

‘भ्यायचं कशाला’ हे मात्र नीट बघू. शिष्यवृत्ती अडकली म्हणून वीस पोरं निवेदन घेऊन निघतात. गोपनीय शाखेचा शिपाई हजर. त्याला अख्खं कॉलेज ओळखतं; गोपनीय काय ते त्याच्या वहीत. तो बॅनरचा फोटो काढतो, डोकी मोजतो आणि गोडीनं म्हणतो, ‘साहेबांना रिपोर्ट द्यायचाय, दोघा-तिघांचे नंबर दे की.’ पुढं मंत्र्यांचा दौरा ठरला की त्याच नंबरांवर फोन जातो आणि हातात नोटीस पडते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची असे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १६८ ची. गुन्हा काही नाही. पण अनुचित घडलं तर जबाबदार तुम्ही आणि हीच नोटीस पुरावा, अशी तंबी असते. आणि ही पोरं कोण? पहाटे मैदानावर सोळाशे मीटर पळणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी! निवड झाली की चारित्र्य पडताळणी पोलिसांकडेच. नोटिशीनं नोकरी जातेच असं नाही. पण जाणार नाही, असं लिहून कोण देतो? मग पुढच्या निवेदनावर विसाच्या सात सह्या उरतात.

पुण्याचं उदाहरण ताजं आहे. मे २०२५ मध्ये एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीनं समाजमाध्यमावर पोस्ट टाकली, काढली, माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजनंही काढून टाकलं. उच्च न्यायालयानं जामीन दिला, तोवर काही पेपर बुडाले होते.

अशा पोरांना ‘आधी अभ्यास करा’ म्हणायचा उपदेश आमच्याकडे जुनाच आहे. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून निजामी राजवटीत पोरांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना घेतलं. तेव्हाही असं सांगणारे शहाणे होतेच. आमच्या विद्यापीठाला ज्या स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे, ते निजामाच्या तुरुंगात होते. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पोलीस त्या लढ्याला मानवंदना देतात. देवोत बापडे.

मग करावं काय? प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय पोलिसानं साध्या वेशात आवारात येऊ नये. नोंद ठेवली तर ती ज्याची आहे त्याला कळवावी, आणि ठरल्या मुदतीत पुसावी. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवरही प्राधिकरण सांगितलं. महाराष्ट्रानं २०१४ च्या कायद्यात राज्य आणि विभागावर भागवलं. जिल्ह्याचं प्राधिकरण हिंगोलीत आणा. कचेरी कॉलेजसमोर असली तरी चालेल. शिपायाला फार लांब जावं लागणार नाही.