आराखड्याच्या वेळीच हजर राहू या!

म्युऑन या कणाचे आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद! तेवढ्यात त्याला वेग देऊन टक्कर घडविणे हे वरकरणी वेडे साहस. परंतु इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड असल्याने तो वर्तुळाकार मार्गात फारच कमी ऊर्जा गमावतो. त्याचा विस्कळीत झोत आवरता येतो, हे ब्रिटनमधील ‘माइस’ प्रयोगाने २०२० साली दाखविले. वेगवान वैश्विक कणांचे आयुष्य लांबते, हे तर होमी भाभांनी १९३८ मध्येच सांगितले होते. या महायंत्राचा आराखडा आज सर्नच्या पुढाकाराने आकारास येत आहे. भारत तेथे २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. यंत्र उभे राहिल्यावर पाहुणे म्हणून जाण्यापेक्षा आराखड्यापासूनच आपले तरुण अभियंते तेथे हवेत. आयत्या ज्ञानावर कोणतेही राष्ट्र मोठे होत नाही.