आधी तारीख, मग खोली, मग खरेदी

आपले व्यापारी बांधव भावाच्या बाबतीत मोठे चोखंदळ असतात. मीटरमागे दोन रुपये कमी करून घेण्यासाठी अर्धा अर्धा तास गादीवर बसतील, तीन दुकाने फिरतील, चहा नाकारून उठून जाण्याचा आव आणतील. परंतु मुंबईला खरेदीस कोणत्या दिवशी जायचे आणि तेथे कुठे उतरायचे, याचा विचार ते गाडीत बसल्यावर करतात. "दोन रात्रींचा तर प्रश्न आहे, कुठेही पडून राहू," हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. माझ्या मते आपल्या लहान दुकानदाराचा बराचसा नफा या एका वाक्यात बुडतो.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी रमजान ईद आणि दिवाळी अवघ्या काही दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. २००६ साली दिवाळी २१ ऑक्टोबरला आणि ईद २५ ऑक्टोबरला होती. गिऱ्हाईक दुप्पट येणार म्हणून मी खुशीत होतो. अर्धा रमजान उलटल्यावर परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने निघालो आणि सकाळी मुंबईत उतरलो. मोहम्मद अली रोड, डोंगरी, मस्जिद बंदर येथील एकाही लॉजमध्ये खोली नव्हती. शेवटी एका लॉजवाल्याने गॅलरीत खाट टाकून दिली आणि नेहमीच्या खोलीच्या दुप्पट भाडे घेतले. रात्रभर डोळा लागला नाही. रोजा, थकवा आणि खिशातील रोकडीची काळजी अशा अवस्थेत मंगलदास मार्केटमध्ये गेलो. ओळखीचा गुमास्ता म्हणाला, "भाई, आता आलात? चांगला माल तर शबे-बरातलाच निघून गेला." जे समोर आले ते उचलले. त्यातील जवळजवळ निम्मे नग ईदनंतरही कपाटात होते.

पुढच्या वर्षी शहाणा झालो. २००७ ची ईद ऑक्टोबरच्या मध्यावर होती. मी जुलैच्या अखेरीस, म्हणजे रजब महिन्यात मुंबईला गेलो. पाऊस होता, पण त्याच लॉजमध्ये निम्म्या भाड्यात खिडकीची खोली मिळाली. दुकानदारांना बोलायला फुरसत होती, नवे डिझाइन आधी पाहायला मिळाले आणि उधारीची मुदतही वाढवून मिळाली. तेव्हापासून माझा नियम ठरला. रजबमध्ये खरेदी, शाबानमध्ये मांडणी, रमजानमध्ये विक्री. शिलाई करणाऱ्या कारागीर बांधवांनी तर याहून आधी निघावे. भुलेश्वरची लेस आणि बटणे उशिरा आली, तर कपडा वेळेवर शिवून होणार कसा?

आता थोडा हिशेब करू. समजा, प्रवास, खोली, जेवण आणि हमाली मिळून फेरीचा खर्च ६,००० रुपये आला आणि तुम्ही ३०० नग आणले. नगामागे २० रुपये पडले. तीच फेरी गर्दीच्या दिवसांत ९,००० रुपयांना गेली आणि मनासारखे २०० नगच मिळाले, तर नगामागे ४५ रुपये पडले. गादीवर बसून दोन रुपयांसाठी केलेली सारी घासाघीस गेली कुठे? आपण हा खर्च मालाच्या किमतीत धरत नाही, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही.

तारीख ठरवताना आपल्याला दोन कॅलेंडर शेजारी ठेवावी लागतात. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ साली ती २२ एप्रिलला झाली, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणून "गेल्या वर्षी याच तारखेला गेलो होतो" हा हिशेब आपल्या उपयोगाचा नाही. मालही बदलतो. उन्हाळ्यातल्या ईदला पातळ सुती कपडा खपतो, थंडीतल्या ईदला जाड.

ईद मार्चमध्ये येते तेव्हा रजब डिसेंबर-जानेवारीत पडतो. या काळात सावध राहावे. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि मुंबईच्या गाड्या आधीच भरलेल्या असतात. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत सहलीला येणाऱ्यांमुळे खोल्यांचे भाव चढतात. जानेवारीचा दुसरा आठवडा बरा. याच फेरीत लग्नसराईचा मालही पाहून घेता येतो. गणेश विसर्जनाच्या दिवशी गिरगाव-काळबादेवीकडचे रस्ते बंद असतात, तो दिवस टाळावा. जुलैत भाडी उतरतात, परंतु २६ जुलै २००५ विसरू नये. त्या वेळी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. हवामान खात्याचा इशारा पाहूनच निघावे आणि गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून घ्यावेत.

वारही महत्त्वाचा आहे. घाऊक बाजार रविवारी बंद असतो. शनिवारी दुपारी पोहोचणारा माणूस रविवारचे भाडे फुकट भरतो. सोमवारी रात्री निघावे, मंगळवार-बुधवार काम करावे आणि बुधवारी रात्री किंवा गुरुवारी परतावे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. म्हणजे दोन महिने आधी तारीख ठरवली, तर एजंटाचे पाय धरावे लागत नाहीत.

खोली घेताना भाडे विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा. "तुमचा हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा?" बाराचा हिशेब असलेल्या लॉजमध्ये सकाळी सातला शिरलात, तर पाच तासांत एक दिवस संपला असे समजा. ९०० रुपयांची चोवीस तासांची खोली ७०० रुपयांच्या बाराच्या खोलीपेक्षा स्वस्त पडू शकते. तिकीट असेल तर स्टेशनवरील विश्रामगृहही पाहावे, त्याचे आरक्षण पीएनआर क्रमांकावर होते. लॉज बाजारापासून पायी अंतरावर असावे. दूरच्या स्वस्त खोलीचे वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

मोबाइलवर भाव जरूर पाहावा, पण नंतर लॉजला सरळ फोन करून विचारावे. इंटरनेटवर हॉटेलांच्या नावाने खोटे फोन नंबरही असतात, म्हणून पूर्ण रक्कम आधी पाठवू नये. कराबाबतही जागरूक असावे. १८ जुलै २०२२ पूर्वी हजार रुपयांच्या आतील खोलीवर जीएसटी नव्हता, नंतर १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. कोणी जुन्या दराने मागितला तर देऊ नये. कर घेतला असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. ती पावती जपून ठेवावी, कारण तो धंद्याचा खर्च आहे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. फोनवर "खोली आहे" म्हणणारा माणूस ओळखपत्रावरील नाव वाचून "सगळ्या भरल्या" म्हणतो, असा अनुभव मला दोनदा आला आहे. रात्री अकरा वाजता हातात बॅग घेऊन वाद घालून काय मिळणार? त्यापेक्षा फोनवरच आपले पूर्ण नाव सांगावे, थोडी आगाऊ रक्कम भरावी आणि होकार मोबाइलवर लेखी घ्यावा. ज्याला नाही म्हणायचे असेल तो घरी असतानाच नाही म्हणेल.

काही बांधव म्हणतील, नातेवाईक असताना लॉज कशाला? पूर्वी नातेवाईक भेंडी बाजारात राहत होते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक कुटुंबे मुंब्रा, मीरा रोडला गेली. तेथून बाजारात येण्याजाण्यात तीन तास मोडतात आणि एका खोलीच्या घरात त्यांचीही झोप मोडते. भेटायला जरूर जावे, मिठाई घेऊन जावे. धंद्याचा बोजा मात्र त्यांच्यावर टाकू नये.

त्याऐवजी एका गावच्या तीन-चार दुकानदारांनी मिळून जावे. दोन खोल्यांत चौघे राहतात, गठ्ठे एकाच ट्रान्सपोर्टने येतात आणि मोठी खरेदी एकदम दिसली की भावही चांगला मिळतो. "शेजाऱ्याला माझा व्यापारी कळेल" ही भीती सोडली पाहिजे. बाजार सर्वांना ठाऊक आहे, वेळ साधणे मात्र थोड्यांनाच जमते.

बांधवांनो, गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन कॅलेंडर लावा आणि रजबच्या एका मंगळवारवर आजच खूण करा. खोलीचा आणि मालाचा भाव त्या खुणेवरच ठरणार आहे.